पायरीच्या अलीकडे

मंदाबाई गांगुर्डे यांनी एका अग्नीसाठी एकतीस वर्षे लाकडे फोडली, आणि तो अग्नी त्यांनी एकदाही पाहिला नाही. ख्राइस्टचर्चमध्ये त्यांना ओळखणाऱ्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ही गोष्ट माहीत आहे. इतरांच्या दृष्टीने त्या सुशील गांगुर्डे यांच्या आई. भाकरी उत्तम करतात, आणि कोणाच्याही घरी गेल्या तरी एका खुर्चीत पाच मिनिटांच्या वर टिकत नाहीत.

सुशीलच्या घरी लाकडाची शेगडी आहे. तिला काचेचे दार आहे आणि हिवाळ्यात ती संध्याकाळी पेटते. थंडीच्या आरंभी लाकडाचा ट्रक घरामागे ढीग ओतून गेला की मंदाबाईंच्या अंगात वारे भरत असे. सून प्राची म्हणे, "आई, ती फोडलेलीच असतात हो. पुन्हा कशाला फोडता?"  शालीचा पदर खोचून मंदाबाई छोटी कुऱ्हाड घेत आणि प्रत्येक लाकूड वीतभर लांबीचे करीत. साल सोलून ती भिंतीला एकसारखी रचीत. आठ वर्षांची नात अनुष्का खिडकीतून ओरडे, "मम्मा, आजी इज अ‍ॅट इट अगेन!"

शेगडी पेटली की मात्र त्या काचेसमोर उभ्या राहत. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जात, परत येत, पुन्हा उभ्या राहत. त्यांना तिथे चैन पडत नसे आणि तिथून दूरही राहवत नसे. अनुष्काच्या वाढदिवसाला तिने मेणबत्त्यांवर फुंकर घातली, तेव्हा मंदाबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "तोंडाची वाफ लावू नये ग विस्तवाला."  "आजी, इट्स जस्ट अ कॅन्डल," अनुष्का म्हणाली. मंदाबाईंनाही ते पटले होते, कारण ती शिकवण त्यांच्या धर्माची नव्हतीच. ती दुसऱ्याच्या दारात उभे राहून लागलेली सवय होती.

ते दार कोणते, हे आता सांगणे आवश्यक आहे. नाशिकजवळच्या एका लहान गावी पारशी लोकांची अग्यारी होती. पारशी अग्नीला पवित्र मानतात, त्याला आतश म्हणतात, आणि अग्यारीत तो रात्रंदिवस जागता ठेवतात. परधर्मीयाला तिथे आत प्रवेश नसतो. मंदाबाई तेविसाव्या वर्षी तिथे कामाला लागल्या. आवार झाडायचे, विहिरीचे पाणी भरायचे, आणि मुख्य म्हणजे बाभळीची लाकडे फोडून वाळवून द्यायची. पहिल्याच दिवशी अग्यारीचे पुजारी दस्तुरजी यांच्या पत्नी पेरीनबाई यांनी त्यांना दारापाशी नेले होते.

"मंदा, ही पायरी बघितली? लाकूड हिच्यापर्यंत तुझा. पायरीच्या वर दस्तुरजीचा. कधी आत पाय टाकणार नाय, वचन दे."

मंदाबाईंनी वचन दिले. तेव्हा त्यांना त्याचे काही वाटले नाही, कारण पोटाचा प्रश्न होता. पुढे नवरा वारला, सुशील लहान होता, आणि वचन मात्र दिवसेंदिवस जड होत गेले. दुपारी आत घंटा वाजे, मंत्र ऐकू येत, सुखडाचा, म्हणजे चंदनाचा, वास आवारात उतरे. मंदाबाई हातातला झाडू तसाच धरून पायरीच्या अलीकडे उभ्या राहत. त्यांना देव नको होता. त्या बौद्ध घरातल्या. आपण सकाळी फोडलेले लाकूड संध्याकाळी कुठे जाते, कशावर ठेवले जाते, कसे जळते, एवढेच त्यांना पाहायचे होते. पडदा नेहमी ओढलेला असे.

या गोष्टीला आणखी एक बाजू होती आणि ती घरातल्यांना टोचत असे. मंदाबाईंचे वडील वयाच्या अठराव्या वर्षी नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बसले होते. त्या दारासाठी त्यांनी कपाळावर दगड खाल्ला होता, आणि त्याची खूण त्यांनी मरेपर्यंत मिरवली. त्यांची मुलगी दुसऱ्या एका दाराबाहेर आपखुशीने उभी राहिली, हे त्यांना कधी उमगले नाही. मंदाबाई त्यांना सांगत, "बाबा, ही माणसं शिवाशीव करत नाहीत. पेरीनबाई माझ्या हातचा चहा पितात. सुशीलला टायफॉइड झाला तेव्हा तीन दिवस त्याच्या उशाशी बसल्या." वडील म्हणत, "मग आत का येऊ देत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर मंदाबाईंकडे अर्धेच होते.

पुढे गावातली पारशी घरे कमी होत गेली. शेवटी अग्यारी बंद झाली. एका सकाळी मुंबईहून आलेल्या मोबेदांनी, म्हणजे पारशी पुरोहितांनी, विधिपूर्वक अग्नी झाकलेल्या गाडीतून नेला. मंदाबाईंना त्या वेळी घरातच थांबायला सांगितले होते. गाडी गेल्यावर त्यांनी आवार झाडले, आणि तेच त्यांचे तिथले शेवटचे काम. दस्तुरजी वारले, पेरीनबाई मुंबईला भाचीकडे गेल्या, आणि शिक्षणासाठी न्यूझीलंडला आलेल्या व तिथेच स्थायिक झालेल्या सुशीलने काही वर्षांनी आईला आपल्याकडे आणले.

सुशील इमारतींच्या मजबुतीचा अभियंता आहे. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या ख्राइस्टचर्चच्या पुष्कळ इमारतींचे हिशेब त्याच्या हाताखालून गेले आहेत. २०१८ सालच्या मार्चमध्ये तो जेवताना म्हणाला, "मेमध्ये आठ दिवस तेहरानला जायचंय. भूकंपावरची कॉन्फरन्स आहे."

मंदाबाई वाढता वाढता थांबल्या. "तेहरान म्हणजे इराणच ना? पेरीनबाईंचा मुलूख?"

"त्यांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी निघाले तिथून, आई. मुलूख कसला."

"तिथे अग्यारी असेल जुनी."

"जुन्या म्हणजे पडलेल्या. अवशेष. कोणीही जाऊन बघतं, फोटो काढतं."

"कोणीही?"

"कोणीही. टूरिस्ट लोक भिंतीवर चढून सेल्फी काढतात."

त्या रात्रीचे जेवण मंदाबाईंनी अर्धवट टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा भाजीत मीठ घातले. तिसऱ्या दिवशी प्राची सुशीलला म्हणाली, "यांना घेऊन जा बाबा तू. नाहीतर मेपर्यंत या घरातला गालिचा झिजवतील चालून चालून."

मंदाबाईंसमोरचा प्रश्न मात्र व्हिसाचा नव्हता. त्यांनी जे वचन दिले होते, ते एका अग्यारीपुरते होते की सगळ्या अग्यारींचे? पडलेली अग्यारी ही अग्यारीच की नुसती माती? त्यांनी हा प्रश्न कोणालाही विचारला नाही. पेरीनबाईंचा नंबर फोनमध्ये होता, दिवाळीला बोलणे होत असे, पण त्यांनाही विचारला नाही. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच विचारण्याची भीती वाटत होती.

तेहरानला विमानतळावर इतर परदेशी बायका डोक्यावरचे रुमाल सावरीत होत्या. मंदाबाईंच्या डोक्यावर पदर होता. अधिकारी बाईने त्यांच्याकडे पाहून मान लववली आणि पुढे जाण्याची खूण केली. "बघ," मंदाबाई सुशीलला म्हणाल्या, "मला काही नवीन करावं लागलं नाही." त्या प्रवासात त्या एवढ्याच एका गोष्टीवर हसल्या.

कॉन्फरन्स चालू असताना चार दिवस त्या हॉटेलच्या खोलीत येरझारा घालत होत्या. पाचव्या दिवशी सुशीलने गाडी ठरवली. शहर मागे पडले, मोकळे माळरान आले, आणि तासाभराने एका बोडक्या टेकाडावर विटांच्या दोन उंच कमानी दिसल्या. वर छप्पर नव्हते. कमानीतून पलीकडचे आकाश दिसत होते.

पायथ्याशी माहितीचा फलक होता. सुशील आपल्या सवयीप्रमाणे तो वाचण्यासाठी थांबला. "आई, दोन मिनिटं थांब. नकाशा आहे इथे. कुठलं दार कुठे ते कळेल."

मंदाबाईंना दोन मिनिटे थांबणे शक्य नव्हते. टेकाडाच्या मागच्या अंगाने एक पायवाट वर जात होती. मंदाबाई त्या वाटेने चढू लागल्या. पायात नातीने दिलेल्या रबरी चपला होत्या, ज्यांना न्यूझीलंडात जँडल म्हणतात; त्या मातीत घसरत होत्या. वर पोहोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. इकडे तिकडे पडक्या भिंतींचे बुंधे, मध्ये सपाट जागा, आणि समोर घोट्याएवढ्या उंचीची विटांची एक ओळ. त्या ओळीपलीकडे, कमानींच्याही पुढे, मोठे, मोकळे, उजेडाने भरलेले आवार होते.

ही पायरी, असे मंदाबाईंच्या मनाने ठरवले.

त्यांनी जँडल काढून बाजूला ठेवले. पदराचे टोक तोंडावर घेतले, कारण दस्तुरजी अग्नीसमोर जाताना तोंडावर पांढरे कापड बांधून जात हे त्यांनी बाहेरून पाहिले होते. मग त्या विटांच्या ओळीच्या अलीकडे, बोटभर अंतर ठेवून, हात जुळवून उभ्या राहिल्या.  एक पाऊल टाकले की झाले. कोणी अडवणारे नव्हते, पडदा नव्हता, बोलावणारेही नव्हते. एकदा त्यांनी उजवा पाय उचलला आणि परत खाली ठेवला. मग डावा उचलला, तोही ठेवला. "पेरीनबाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी इथपर्यंतच आले." आणि वचन पाळल्याचे समाधान वाटेल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. ते काही येत नव्हते.

सुशील फोनवर नकाशाचा फोटो घेऊन समोरच्या कमानीतून वर आला. आईला त्या अवस्थेत पाहून तो थबकला.

"आई, तिकडे तोंड करून काय उभी आहेस?"

"आत बघतेय. इथूनच. पायरीच्या बाहेरून."

सुशीलने फोनकडे पाहिले, भिंतींच्या बुंध्यांकडे पाहिले, पुन्हा फोनकडे पाहिले. "आई, हे बाहेर नाहीये."

"म्हणजे?"

"ते समोर दिसतंय ते अंगण आहे. लोक तिथे जमायचे. दार त्या बाजूला होतं, मी आलो तिथे. मागची भिंत पडलीये, तू त्या भोकातून वर आलीस. तू उभी आहेस ना, हाच गाभारा. आतश इथे असायचा. बरोबर तुझ्या पायाखाली."

मंदाबाईंनी खाली पाहिले. त्यांचे अनवाणी पाय मातीच्या एका उथळ खोलगटात होते. त्या खोलगटाच्या कडेने विटा गोल बसवलेल्या होत्या, आणि त्या त्यांनी येताना पाहिल्याही नव्हत्या. म्हणजे इतका वेळ त्या गाभाऱ्यात उभ्या राहून अंगणाला हात जोडत होत्या.

त्या विंचू चावल्यासारख्या मागे सरल्या. "तू ओरडला का नाहीस?"

"मला काय माहीत तू मागून चढशील!"

"थांब म्हणालास ना तू? मग मी का थांबले नाही?"  त्या घाईघाईने मागच्या वाटेने खाली उतरल्या. जँडल वरच राहिले. सुशील त्यांच्यामागे धावला.

खाली त्या एका दगडावर टेकल्या आणि लगेच उठल्या. "एकतीस वर्षं सांभाळलं मी ते. एकतीस वर्षं! आणि आज मागच्या भगदाडातून चोरासारखी शिरले."

आता सुशीलचाही संयम सुटला. "सांभाळलं काय सांभाळलं? आजोबांनी काळारामाच्या दारात कपाळ फोडून घेतलं आणि तू त्या पायरीशी हात बांधून उभी राहिलीस. मला लहानपणापासून राग येतो याचा. सांगतो तुला आज. लाकूड चालतं तुझं, पाणी चालतं, तू चालत नाहीस."

"त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही."

"मग आत का नाही घेतलं?"

तोच प्रश्न. वडिलांच्या तोंडून ऐकलेला, आता मुलाच्या तोंडून. मंदाबाईंनी टेकाडाकडे पाहिले. माळावरचा वारा पदर ओढत होता. मग त्यांनी विचारले, "खरं दार कुठे आहे म्हणालास?"

"पुढच्या बाजूला."

"चल दाखव."

"पुन्हा जायचंय? आत्ता तर..."

"मघाशी मी गेले नव्हते. मघाशी चूक झाली होती. चूक म्हणजे जाणं नव्हे." त्या चालू लागल्या. "जायचं तर दारातून जाईन. आणि मला माहीत असेल की मी जातेय."

त्या टेकाडाला वळसा घालून पुढे आल्या. अंगण ओलांडले. कमानींच्या खाली खरोखरच एक दगडी उंबरठा होता. मधोमध झिजलेला, पण सगळ्यांना दिसेल असा. तिथे त्या थांबल्या. तोंडावरचे पदराचे टोक त्यांनी पुन्हा नीट केले. सुशीलला त्यांनी मागे राहायची खूण केली, आणि उजवा पाय उचलून पलीकडे ठेवला. या वेळी तो परत घेतला नाही.

आत काहीच नव्हते. ती उथळ खोलगट जागा, उन्हाने तापलेली माती, मुंग्यांची एक रांग, आणि कोणीतरी टाकलेले बाटलीचे निळे झाकण. मंदाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी मातीवर तळहात टेकवला. वडिलांची आठवण आली, पेरीनबाईंची आली, आणि दोन्ही आठवणी एकमेकींशी भांडू लागल्या. झाकण उचलून त्यांनी कनवटीला लावले, कारण घाण दिसली की उचलायची हे हातालाच माहीत होते. मग त्या आल्या तशाच दारातून बाहेर आल्या. सुशीलने त्यांचे जँडल आणून ठेवले होते. 

ख्राइस्टचर्चला परतल्यावर सर्वांना वाटले होते की आता त्या स्वस्थ होतील. झाले उलटेच. पंधरा दिवस त्यांच्या मनात एकच वाक्य फिरत होते, आणि त्या ते भाकरी थापताना पुटपुटत, 'बाई, माझ्याकडून वचन मोडलं, मला माफ करा.' शेवटी एका संध्याकाळी, मुंबईत सकाळचे साडेअकरा वाजले असतील असा हिशेब करून, त्यांनी सुनेकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला.

पडद्यावर आधी छत दिसले, मग एक कान, मग पेरीनबाईंचा सुरकुतलेला चेहरा. त्यांना नव्वदावे लागले होते.

"कोण? मंदा? अरे मूई, तू जिवंत हाय? मला वाटला तिथल्या मेंढ्यांनी तुला खाऊन टाकला."

"मेंढ्या गवत खातात, बाई."

"तू पण काय कमी सुकी नाय. बोल, दिवाळी तर नाय आज."

मंदाबाई फोन घेऊन खोलीत फिरू लागल्या. त्यांनी सर्व सांगितले. मागची वाट, विटांची ओळ, पायाखालची खोलगट जागा, सगळे.  सांगून झाल्यावर पेरीनबाईंनी विचारले, "आतश होता तिथं?"

"नाही. नुसती माती."

"मग झाला तर! आतश नाय तर अग्यारी नाय. तू टेकडीवर चढली, टेकडीवरून उतरली. वचन कुठे तुटला?"

सुटका इतकी सोपी होती, आणि मंदाबाईंना ती हवीही होती. तरी त्या म्हणाल्या, "तुटलं, बाई. पहिल्यांदा चुकून गेले, ते सोडा. दुसऱ्यांदा दारातून गेले, मुद्दाम. आतश नाही म्हणून नाही गेले. असता तरी गेले असते."

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"मला खबर होती," पेरीनबाई सावकाश म्हणाल्या. "तुला आत यायचा होता ते. मी वरच्या खिडकीतून बघायची. घंटा वाजली की तू झाडू धरून उभी. किती वरस बघितला मी."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"तू कधी विचारला नाय."

मंदाबाई खिडकीपाशी थांबल्या. "विचारलं असतं तर?"

पेरीनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ना बोलली असती, मंदा. या वयात खोटा कशाला बोलू? आज विचारला तरी ना बोलते."

माफीचे ते वाक्य पंधरा दिवस घोटून तयार होते. मंदाबाईंनी ते गिळले. आता ते बोलले असते, तर बाबांच्या कपाळावरच्या खुणेवर हात ठेवून खोटे बोलल्यासारखे झाले असते. त्यांना राग आला नाही. वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्याला तळ होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे पाय त्या तळाला लागले.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ना म्हणाला असता. आणि मी गेले. दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरा हाय," पेरीनबाई म्हणाल्या. मग त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसता एक डोळा दिसू लागला. आवाज खाली आला. "मंदा, ऐक. मी सारी जिंदगी ईरान ईरान करत काढली. पासपोर्ट पण नाय काढला कधी. आता सांग मला. कसा होता आतून?"

मंदाबाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी दोन पावले टाकली.

"मागच्या वाटेने सांगू, की दारातून?"

"दारातून," पेरीनबाई म्हणाल्या. "नीट, दारातून सांग. घाई नको करू."